किट होतं, तरी ११ जण पॉझिटिव्ह: एका उपजिल्हा रुग्णालयातलं प्रकरण

पार्श्वभूमी

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावचं १०० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय. गावाचं किंवा कुणाचंही नाव लिहीत नाहीये आणि ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत. काळ २०२० चा मे-जून. मी तेव्हा तिथे मेडिकल ऑफिसर होते. १५ मे ला केंद्राची आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीची ॲडव्हायझरी आली, त्यात इन्फेक्शन कंट्रोलची जबाबदारी एका माणसाकडे द्या असं होतं आणि आमच्या साहेबांनी, म्हणजे वैद्यकीय अधीक्षकांनी, ते काम माझ्याकडे दिलं.

एप्रिलमध्येच आमचा अर्धा भाग कोविडसाठी बाजूला काढला होता. ३० बेड, त्यातले १२ ऑक्सिजनचे. बाकीचं हॉस्पिटल चालूच, कारण बाळंतपणं काही लॉकडाऊन बघून थांबत नाहीत आणि साप चावलेला, विष घेतलेला, ॲक्सिडेंटचा पेशंट कॅज्युअल्टीत येणारच.

किटचं, म्हणजे संसर्गापासून वाचवणाऱ्या पीपीई किटचं, सांगायचं तर सुरुवात फार वाईट होती. मार्च २०२० च्या आधी आपल्या देशात किटमधले कव्हरऑल, म्हणजे अंगभर झाकणारे सूट, जवळपास बनतच नव्हते, त्यामुळे पहिल्या लॉटमध्ये आम्हाला जे मिळालं त्याला रेनकोटच म्हणावं लागेल, शिवणीवर टेप नाही, चेन उघडी, टोपी वेगळी. मे पर्यंत परिस्थिती पुष्कळ सुधारली. कोइम्बतूरच्या सिट्रा या कापड संशोधन संस्थेत आणि ग्वाल्हेरच्या डीआरडीई या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत कृत्रिम रक्त आत झिरपतं का ही टेस्ट पास झालेली किट यायला लागली, प्रत्येकावर कोड असायचा आणि आमच्या स्टोअरला रोज साधारण ४० किट मिळायला लागली. म्हणजे ज्या वेळी आमचे लोक आजारी पडले त्या वेळी किटचा तुटवडा नव्हता, हे आधीच लक्षात घ्या, कारण सगळं प्रकरण याच्याभोवतीच फिरतं.

नेमकं झालं काय

मे चा शेवटचा आठवडा, बाहेर ४३-४४ डिग्री. कोविड वॉर्डात ८ तासांची ड्युटी, आत गेल्यावर पाणी नाही, बाथरूम नाही, कारण एकदा किट काढलं की ते गेलं आणि दुसरं मागायला सिस्टर लोकांना संकोच वाटायचा. ड्युटीच्या आधी तीन-चार तास पाणी पीतच नसत कोणी. पाळी असली तर विचारूच नका. कव्हरऑल सगळे एकाच मापाचे, मोठे, आमच्या एक सिस्टर पाच फुटांच्या आत, त्यांच्या पायात ते कापड यायचं म्हणून कमरेला आणि घोट्याला चिकटपट्टी गुंडाळून त्या आत जायच्या. गॉगलवर इतकी वाफ की सलाइन लावताना शीर डोळ्यांनी शोधायची सोय नाही, हातानेच चाचपायची.

२८ तारखेच्या दुपारी एक सिस्टर वॉर्डातच चक्कर येऊन पडल्या. त्यांना बाहेर आणलं, किट कापून काढलं, सलाइन लावलं. त्या गडबडीत चार जणांनी त्यांना हात लावला आणि त्यातल्या दोघांच्या तोंडावर नुसता सर्जिकल मास्क होता. तेव्हा सगळ्यांना वाटलं उन्हाचा त्रास, एक दिवस सुट्टी दिली आणि विषय संपला. मीसुद्धा त्यावर काही केलं नाही. हा पहिला टप्पा होता जिथे आम्ही थांबून विचार करायला हवा होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात लेबर रूमच्या एका सिस्टरना फोडणीचा वास येईना. स्वॅब पाठवला, तेव्हा रिपोर्ट जिल्ह्याहून यायला दोन-तीन दिवस लागायचे, तो पॉझिटिव्ह आला. मग भराभर १० दिवसांत ११ जण. स्टाफमध्ये प्रचंड भीती पसरली. दोघींच्या घरून निरोप आला की नोकरी सोड. एका मामांना, म्हणजे आमच्या वॉर्डबॉयना, गल्लीतल्या लोकांनी सार्वजनिक नळावर पाणी भरू दिलं नाही.

सगळ्यांची एकच मागणी होती, आम्हाला सगळ्यांना फुल किट द्या. ओपीडीला, केसपेपरच्या खिडकीला, लेबर रूमला, सगळ्यांना.

यादी केली तेव्हा काय दिसलं

साहेबांनी मला विचारलं काय करायचं. मी म्हटलं दोन दिवस द्या, कोण कुठे होतं ते आधी बघते. प्रत्येकाला फोन करून मागच्या १४ दिवसांचं विचारलं. ड्युटी कुठे, किट काय घातलं, कुठे काढलं, जेवण कुणाबरोबर, चहा कुठे, घरी जाताना गाडीवर मागे कोण. सरळ वहीत रेघा मारून लिहिलं.

११ पैकी कोविड वॉर्डात काम केलेले फक्त ३. कॅज्युअल्टी आणि लेबर रूम मिळून ४. सफाई कामगार २. एक लॅब टेक्निशियन आणि एक क्लार्क. म्हणजे ज्यांनी पूर्ण किट घातलं होतं ते कमी आणि बाकीचेच जास्त. आणि ते तीन जण एकाच ड्युटीतले होते, ड्युटी संपल्यावर एकाच बंद खोलीत डबा खायचे.

मग दोन जागा समोर आल्या. एक म्हणजे किट काढायची खोली, डॉफिंग रूम. ती आमची जुनी चादरी ठेवायची खोली होती, ८ बाय १०, खिडकी नाही. एका वेळी पाच-सहा जण आत शिरून किट काढायचे. दुसरी चहाची खोली, कॅज्युअल्टीच्या मागे, तिथे कॅज्युअल्टी, लॅब, लेबर रूम, ऑफिस सगळे यायचे आणि चहा पिताना मास्क खालीच असणार. क्लार्कला आजार कुठून आला हे मला सुरुवातीला कळतच नव्हतं, तो तर कधी पेशंटजवळ गेला नाही. तो रोज ११ वाजता त्या खोलीत असायचा.

मी एक दुपारभर डॉफिंग रूमच्या दारात उभी राहून बघत बसले, पूर्ण किट घालून. ते बघणं मला कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा जास्त शिकवून गेलं. आठ तासांनी माणूस बाहेर आला की सगळ्यात आधी काय काढतो? मास्क. कारण त्याला श्वास हवा असतो. शिकवलेलं उलट असतं, मास्क सगळ्यात शेवटी आणि खोलीच्या बाहेर येऊन काढायचा, कारण कव्हरऑलचा पुढचा भाग आणि ग्लोव्हज सगळ्यात घाण, ते काढताना जे काही उडतं ते नाकात जाऊ नये. हे सगळ्यांना पाठ होतं, विचारलं तर घडाघडा सांगायचे. पण घामाने निथळलेल्या, डोकं गरगरणाऱ्या माणसाचा हात आपोआप तोंडाकडे जातो. त्यात दारात एक माणूस हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचा पंप घेऊन बाहेर येणाऱ्यावर फवारा मारत होता. केंद्राने १८ एप्रिललाच माणसांवर असं फवारू नका म्हणून सांगितलं होतं, तरी आमच्याकडे चालूच होतं कारण त्याने सगळ्यांना धीर वाटायचा. त्या फवाऱ्याने खोकला यायचा आणि खोकला आला की परत मास्क खाली.

मास्कचं पण तेच. एन-९५ चं काम नुसत्या कापडावर नाही, आतल्या थरातल्या धाग्यांवर विजेचा भार असतो, तो बारीक कण ओढून धरतो. आमच्या दोन सिस्टर तो मास्क निरम्यात धुवून दोरीवर वाळत घालत होत्या, एक डॉक्टर त्यावर सॅनिटायझर मारत होते. पाण्या-साबणाने, अल्कोहोलने तो भार जातो, मास्क दिसायला चांगला पण आतून निकामी. कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना. आठवड्याला एक मास्क मिळणाऱ्या माणसाने दुसरं काय करावं?

आणि सफाई कामगार. हे लिहिताना मला अजून वाईट वाटतं. दोघेही ठेकेदाराकडचे. आमच्या स्टोअरमध्ये एन-९५ वाटप व्हायचं ते पगाराच्या यादीवरून. हे दोघे त्या यादीत नाहीत म्हणून त्यांना एन-९५ कधीच मिळाला नव्हता. डॉफिंग रूममधल्या वापरलेल्या किटच्या पिवळ्या पिशव्या बांधून उचलणारे तेच. सर्जिकल मास्क, तोही तीन-तीन दिवस एकच.

समोरचे पर्याय

पुढच्या मीटिंगला चार गोष्टी टेबलावर होत्या.

सगळ्यांना फुल किट देणं, हा लोकांना हवा असलेला मार्ग. पण रोजची ४० किट आणि स्टाफ शंभराच्या वर, शिवाय ४३ डिग्रीत ओपीडीत सहा तास कव्हरऑल म्हणजे आणखी चक्कर येणारे लोक आणि आणखी चुकीचं डॉफिंग. दुसरं म्हणजे हॉस्पिटल तीन दिवस बंद करून सॅनिटाइझ करणं. एप्रिलमध्ये मुंबईतलं एक मोठं प्रायव्हेट हॉस्पिटल स्टाफ पॉझिटिव्ह निघाल्यावर सील झालं होतं, तो दाखला सगळ्यांच्या तोंडी होता. पण आमच्यापासून पुढचं सरकारी लेबर रूम ४० किलोमीटरवर, बंद करून बायांना पाठवायचं कुठे. तिसरं, वॉर्डातली ड्युटी ४ तासांवर आणणं, त्याला किटही दुप्पट लागणार आणि माणसंही. चौथं म्हणजे धोका बघून वाटप, २४ मार्चच्या केंद्राच्या गाइडलाइनमध्ये ते स्पष्ट होतं, ज्यांना जास्त धोका त्यांना पूर्ण किट, मध्यम धोक्याला एन-९५ आणि ग्लोव्हज.

चौथं कागदावर बरोबर होतं पण तेच सगळ्यात अवघड, कारण ओपीडीतला माणूस कव्हरऑल मागत असताना त्याला प्लास्टिकचा ॲप्रन द्यायचा म्हणजे त्याला वाटतं आपला जीव स्वस्त ठरवला. लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टर भर मीटिंगमध्ये म्हणाल्या, "मॅडम, पेशंट आमच्या तोंडावर किंचाळतो, दोन फुटांवरून. त्याला कमी धोका कोण म्हणतं?" त्यांचं बरोबर होतं. गाइडलाइन बनवणाऱ्याने काहीही लिहिलेलं असो, कळा देणारी बाई जोरजोरात श्वास टाकते आणि सिस्टर तिच्या समोर उभी असते. लेबर रूमला आम्ही एन-९५, फेस शील्ड, बाह्यांचा गाऊन असं वर चढवलं आणि संशयित बाईच्या बाळंतपणाला पूर्ण किट. हा बदल त्यांच्यामुळे झाला.

काय केलं

तिसरा आणि चौथा मार्ग एकत्र केला. हिशोब असा बसला. आधी वॉर्डात तीन ड्युट्या, प्रत्येकी ६ जण, म्हणजे १८ किट. ४ तासांची ड्युटी केली तर सहा वेळा बदल, ६ जणांनी ३६ किट, परवडत नाही. म्हणून आत जाणारी माणसं ६ ची ४ केली, २४ किट. चार जणांत काम कसं भागलं तर आतलं अनावश्यक काम बाहेर काढलं. केसपेपर आत लिहायचेच नाहीत, मोबाइलवर फोटो काढून बाहेरच्या सिस्टरला पाठवायचा, ती लिहिणार. डॉक्टरांचा एक राउंड प्रत्यक्ष, दुसरा व्हिडिओ कॉलवर. औषधं, पाणी, डबे एकाच फेरीत. स्वॅब सेंटर ४, ॲम्ब्युलन्स ४, राखीव ४. एकूण ३६. आधी पाहणीला येणाऱ्या मंडळींवर रोज किट जात होती, ते बंद केलं, काच लावलेल्या दारातून बघा म्हणून सांगितलं.

डॉफिंगची जागा व्हरांड्याच्या टोकाला नेली, दोन बाजूंनी उघडी, वर पत्रा. फवारा बंद. एका वेळी दोनच माणसं. तिथे एक मावशी बसवल्या, पूर्ण किटमध्ये, दुसऱ्या मावशीशी अदलाबदल करत, त्यांची किट वाचलेल्या ४ मधून. त्यांचं काम फक्त बघणं. बाहेर येणाऱ्याने प्रत्येक पायरी मोठ्याने बोलायची, ग्लोव्हज काढतोय, हात धुतोय, चेन खाली घेतोय, आणि क्रम चुकला की मावशी म्हणणार "थांबा". पहिल्याच दिवशी एका सीनियर डॉक्टरांनी त्यांना झापलं की तू मला शिकवणार का. मावशी रडत माझ्याकडे आल्या. साहेबांनी त्याच संध्याकाळी लेखी आदेश काढला, डॉफिंगच्या जागी मावशी सांगतील तो शेवटचा शब्द, कोणत्याही हुद्द्याला लागू, आणि तो लॅमिनेट करून तिथेच टांगला. या आदेशाशिवाय ही गोष्ट आठवडाभरही टिकली नसती.

चहाची खोली कुलूप लावून बंद केली. आवारातल्या लिंबाखाली खुर्च्या, लांब लांब, दोन पाळ्या. पाऊस सुरू झाल्यावर सायकल स्टँडच्या पत्र्याखाली. बऱ्याच जणांना हे किरकोळ वाटलं. हा आजार हवेतून पसरतो की फक्त थेंबांतून यावर जगभर तेव्हा वाद चालू होता, २३९ शास्त्रज्ञांचं ते खुलं पत्र जुलैत आलं. आम्ही तोपर्यंत थांबलो नाही कारण टीबीचं काम केलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की खिडकी उघडी तर निम्मं काम झालं. टीबीसाठी हवेतून होणाऱ्या संसर्गाची राष्ट्रीय गाइडलाइन २०१० पासून आपल्याकडे आहेच, तीच काढून वाचली. वॉर्डातल्या समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या, कूलर खिडकीच्या बाहेर बसवले म्हणजे ते बाहेरचीच हवा आत ढकलतील.

एन-९५ प्रत्येकाला ५, कागदी पाकिटात, पाकिटावर नाव आणि वार. आज वापरलेला परत पाचव्या दिवसानंतर, चार वेळा वापरून टाकायचा. धुणं, सॅनिटायझर, ऊन सगळं बंद. कानात अडकवायचे मास्क ऑफिसला, डोक्यामागून दोन पट्ट्यांचे वॉर्ड, कॅज्युअल्टी, लेबर रूमला. घातल्यावर दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात फुंकर मारायची, कडेने हवा लागली तर परत बसवायचा. दाढीवाल्या तिघांना विनंती केली, दोघांनी काढली, तिसऱ्याची श्रद्धेची होती, त्याला पेशंटपासून लांबची ड्युटी दिली.

वाटपाची यादी पगारावरून न करता जागेवरून केली. त्या जागी उभा राहणारा जो कोणी असेल, कायम, कंत्राटी, ठेकेदाराचा, त्याला त्या जागेचं सामान.

परिणाम

पुढच्या सहा आठवड्यांत आमचे ३ जण पॉझिटिव्ह आले, त्यातला १ वॉर्डातला. चक्कर येऊन पडणं थांबलं. हे सगळं फक्त आमच्या बदलांमुळे झालं असं मी म्हणणार नाही, त्याच काळात टेस्ट लवकर व्हायला लागल्या होत्या, लोकही घाबरून जास्त जपत होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लाट वर गेली तेव्हा स्टाफमधले आणखी लोक आजारी झाले, पण फोन करून विचारलं तर बहुतेकांच्या घरात किंवा गल्लीत आधीच कोणीतरी पेशंट होता.

पहिली लाट उतरल्यावर कोविडसाठी भरलेल्या कंत्राटी लोकांना कमी केलं. डॉफिंगला बसणाऱ्या दोन्ही मावशी त्यात गेल्या. १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झालं, आम्ही सगळ्यांनी लस घेतली. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तेव्हा ऑक्सिजन शोधण्यातच सगळ्यांचा जीव चालला होता, व्हरांड्यातली ती जागा होती, आदेशही टांगलेला होता, पण "थांबा" म्हणणारं कोणी नव्हतं. मी एकदा तिथून जाताना बघितलं, एक नवीन मुलगा मास्क गळ्यात ठेवून कव्हरऑल उतरवत होता.

परत करायचं झालं तर

२८ मे ला सिस्टर पडल्या त्याच दिवशी ड्युटीचे तास बदलायला हवे होते. त्या का पडल्या हे आम्हाला माहीत होतं, आणि तरी आम्ही त्यांना जपून राहा एवढंच सांगितलं. १० दिवस तिथे वाया गेले. डॉफिंग आधी बघायला हवं होतं, ट्रेनिंगच्या सह्या बघून समाधान मानायला नको होतं. सह्या सगळ्यांच्या होत्या.

फिट टेस्टचं, म्हणजे मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का हे तपासायचं, सामान आम्ही कधीच मागवलं नाही, फुंकर मारून बघण्यावर भागवलं. लहान चेहऱ्याच्या मुलींना मोठा मास्क कडेने गळतो, तीन मापांचे मागवता आले असते, इंडेंटमध्ये, म्हणजे सामानाच्या मागणीपत्रात, तो रकाना भरायचाच कुणाला सुचलं नाही.

सगळ्यात जास्त खटकतं ते सफाई कामगारांचं. त्या दोघांपैकी एक मामा, वय ५२, डायबिटीस, जिल्ह्याला १३ दिवस ऑक्सिजनवर होते. वाचले. परत आल्यावर त्यांना मी त्या जागेचे ५ मास्क दिले तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन विचारलं, "मॅडम, हे परत द्यावे लागतील का?" ठेकेदाराने त्यांच्या आजारपणाच्या दिवसांचे पैसे कापले, १३ दिवस हॉस्पिटल आणि पुढचे १४ दिवस घरी, एकूण २७. मी दोन पत्रं दिली, साहेबांनी एक दिलं. माझी बदली होईपर्यंत त्यांना ते पैसे मिळाले नव्हते.